मादेइरात पाऊस विचारू नका, वारा विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मँचेस्टरहून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईंना आणि मुलांना घेऊन सात दिवस मादेइराला, म्हणजे अटलांटिकमधल्या पोर्तुगालच्या बेटावर निघालात, तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फुंशाल शहरात हॉटेलचे पैसे भरून झालेत, आणि आता मोबाइल उघडावा तर सातही दिवसांवर ढग आणि त्याखाली पावसाचे थेंब. बेत रद्द करावा का, कपडे काय घ्यावेत, अडुसष्ट वर्षांच्या आईंना कुठे नेता येईल, आणि विमानात खिडकी कुठल्या बाजूची धरावी?

रद्द करू नका. पण सोमवारी हे, मंगळवारी ते, असा जो तक्ता तुम्ही सोबत पाठवलाय, तो मात्र बाजूला ठेवा. या बेटावर आठवडा वारांवर आखता येत नाही, वाऱ्यावर आखावा लागतो. हे कोटीसाठी म्हणत नाही, कारण पुढे सांगतोच.

मी बत्तीस वर्षं बोटीवर काढली. शेवटची बारा-तेरा प्रवासी जहाजांवर, नॅव्हिगेटर म्हणून. हिवाळ्यात साउदॅम्प्टनहून निघायचं, मादेइरा, कॅनरी बेटं करून परत यायचं, असा आमचा रतीब असे. फुंशालच्या धक्क्याला किती वेळा लागलो ते मोजलेलं नाही. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन दोनदा मुद्दाम जाऊन राहिलो, दोन्ही वेळा फेब्रुवारीतच, कारण तेव्हा गर्दी कमी आणि डोंगर हिरवा. (जहाजावरचे सगळे देशी लोक या बेटाला ‘मदिरा’ म्हणायचे. तिथली वाइन प्रसिद्ध असल्यानं ते खपूनही जायचं. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ लाकूड. चावी, बादली, घमेलं ज्यांच्याकडून आपल्याकडे आलं त्यांचीच ही भाषा.)

आधी मोबाइलवरच्या थेंबांचं बघू. बेट ५७ किलोमीटर लांब आणि जेमतेम २२ किलोमीटर रुंद. एवढ्याशा जागेत मधोमध पिको रुइवो १,८६२ मीटरवर आणि त्याच्या शेजारचं पिको दो अरिएरो १,८१८ मीटरवर. कळसूबाई १,६४६ मीटर आहे हे लक्षात घ्या आणि ती थेट समुद्रातून वर आलीय अशी कल्पना करा. आता जगभराचं हवामान मोजणारी संगणकी मॉडेलं पृथ्वीवर जाळं टाकतात. त्यातल्या नावाजलेल्या युरोपीय मॉडेलचा एक चौकोनही सुमारे नऊ किलोमीटरचा असतो. म्हणजे उत्तर किनाऱ्यापासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत अख्खं बेट दोन-अडीच चौकोनांत संपलं. डोंगर त्या जाळ्यात घासून बुटका होतो, दऱ्या बुजून जातात. त्यातून एक चित्र काढायचं म्हटल्यावर चोवीस तासांत कुठेही, कधीही शिंतोडा असेल तर मोबाइल थेंब दाखवून मोकळा होतो. दुपारी चारला डोंगराच्या पलीकडे दहा मिनिटं भुरभुर झाली तरी तुमच्या फुंशालवर थेंब.

पोर्तुगालचं हवामान खातं, इप्मा, हे चांगलं ओळखून आहे. इशारे देताना ते या चिमुकल्या बेटाचे तीन तुकडे करतं: उत्तर किनारा, दक्षिण किनारा आणि डोंगराळ भाग. शेजारचं पोर्तो सान्तो चौथं. तिघांचे इशारे एकाच वेळी वेगळे असू शकतात. मोबाइलवरचं चित्र सोडा, रोज संध्याकाळी त्यांचं पान उघडा आणि आधी वाऱ्याची दिशा बघा.

दिशाच का? तुम्ही प्रश्नात पुण्याचा उल्लेख केलाय, तेव्हा हे लगेच कळेल. जुलैत ताम्हिणीत झड लागलेली असते, चार हातांवरचं दिसत नाही, आणि तिथून तासाभरात चांदणी चौकात यावं तर रस्ता कोरडा. वारा डोंगरावर चढला की थंड होतो, पाणी टाकतो, पलीकडे उतरताना गरम आणि कोरडा होतो. मादेइराला तेच घडतं, फक्त फरक असा की सह्याद्रीला पाऊस चार महिने एकाच दारातून येतो, नैऋत्येच्या. मादेइराला चारही दिशांना दारं आहेत आणि फेब्रुवारीत आज कुठलं उघडेल ते रोज बदलतं. जे दार उघडं, त्या बाजूला पाऊस, समोरच्या बाजूला ऊन. आणि समोरची बाजू गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर.

हे सगळं डोंगराचं करणं आहे याची खात्री हवी असेल तर पोर्तो सान्तोकडे बघा. ईशान्येला, मोठ्या फेरीबोटीनं अडीच तासांच्या वाटेवर. तोच समुद्र, तेच वारे. पण तिथला सर्वांत उंच डोंगर ५१७ मीटरचा. ढग अंगावरून निघून जातात, बेट पिवळं, रखरखीत, आणि नऊ किलोमीटरची वाळूची किनारपट्टी. मादेइरा हिरवं, पोर्तो सान्तो बोडकं.

आणखी एक पुरावा तुम्हाला पायाखालीच सापडेल. तिथे ज्यांना लेवादा म्हणतात आणि ज्यांच्या कडेनं पर्यटक चालतात, ते म्हणजे आपले पाट. डोंगराच्या ओल्या उत्तर अंगावरचं पाणी कोरड्या दक्षिण अंगावरच्या उसाला आणि केळींना पोचवायला लोकांनी शतकानुशतकं कडे फोडून हे पाट काढले. पाणी कुणाच्या वाफ्यात किती वेळ सोडायचं ते ठरवणारा माणूस असतो, लेवादेइरो. मी हे वाचलं तेव्हा हसू आलं, कारण धुळे-नाशकाकडच्या फड पद्धतीतला पाटकरी नेमकं हेच काम करत आलाय.

आता दारं कोण उघडतं-मिटतं ते सांगतो. अटलांटिकवर अझोरेस बेटांच्या आसपास एक मोठा उच्चदाब बसलेला असतो. उन्हाळ्यात तो फारसा हलत नाही आणि मादेइरावर ईशान्येचे व्यापारी वारे जवळजवळ रोज वाहतात. हिवाळा सरता सरता मात्र त्याचा पाय ठरत नाही. कधी तो ऐसपैस पसरतो, कधी युरोपकडे सरकतो, कधी खचतो. खचला की उत्तरेकडून अटलांटिकची वादळं खाली उतरतात आणि त्यांची शेपटी बेटावरून फिरते. म्हणून फेब्रुवारीतल्या एका आठवड्यात चारही ऋतू भेटले तर नवल नाही. मात्र हा चाळा डोंगरावर आणि आभाळात चालतो. फुंशालमध्ये समुद्राकाठी दिवसाचं तापमान १९-२० अंशांच्या आसपास, रात्री १३-१४. समुद्राचं पाणी साधारण १८ अंश. मँचेस्टरवाल्याला हे स्वेटर काढून बसण्यासारखंच.

माझ्या वहीतला एक आठवडा उतरवून देतो, म्हणजे अंदाज येईल. जहाज सुटलं तरी वायुभार लिहायची खोड सुटलेली नाही. आम्ही जुने लोक अजून मिलिबार म्हणतो, तुमच्या मोबाइलवर हेक्टोपास्कल असेल, आकडा तोच.

शनिवारी उतरलो तेव्हा १,०२८ आणि वारा ईशान्य. हे नेहमीचं दार. हॉटेलच्या गॅलरीतून आग्नेयेला देझेर्तास बेटं दिसत होती, डोक्यावर ऊन, पाठीमागच्या डोंगराच्या कमरेला मात्र ढगाचा शेला. मधूनच त्या ढगातले चार थेंब वाऱ्यावर उडत येऊन उन्हात अंगावर पडायचे. कोल्ह्याचं लग्न. बायको म्हणाली, तुमच्या मोबाइलचा पाऊस तो हाच का?

ईशान्य वारा टिकलेला असला आणि वायुभार चढा असला की एक गोष्ट चुकवू नका. आम्ही रविवारी पहाटे सव्वासहाला गाडी काढली. उजाडतं उशिरा, सूर्य साडेसात उलटून गेल्यावर वर येतो. सात-आठशे मीटरवर ढगात शिरलो. समोरच्या काचेवर पाण्याचे कण, वायपर सुरू, रस्त्याच्या कडेचे पांढरे पट्टे मोजत मी गाडी चालवतोय आणि बायको ‘अजूनही परत फिरू’ म्हणतेय. चौदाशेच्या पुढे कुठेतरी वायपर कोरड्या काचेवर कुरकुरायला लागला. मान वर केली तर चांदण्या. वर अरिएरोला पोचलो तेव्हा पायाखाली क्षितिजापर्यंत ढग, त्यातून दोन-तीन काळी शिखरं वर आलेली, आणि ढगाची एक धार खिंडीतून दुधासारखी उतू जात होती. कोकणकड्यावरून पावसाळ्यानंतर दिसतो तो देखावा, पण चारही बाजूंनी. कारण सोपं आहे: या वाऱ्यात उंचावर गरम, कोरड्या हवेचं झाकण असतं, ढगाला त्याच्यावर जाता येत नाही. खाली फुंशालमध्ये त्या दिवशी लोकांनी आभाळ भरलेलं बघून डोंगराचा बेत रद्द केला असणार. चार अंश तापमान आणि वारा, त्यामुळे बोटं आखडली एवढंच.

सोमवारी सकाळी सूर्याला खळं पडलं होतं. आभाळ निळंच, पण फार उंचावर विस्कटलेल्या केसांसारखे पातळ ढग पश्चिमेकडून येत होते. वारा ईशान्येवरून सरकत आग्नेयेला, दुपारी दक्षिणेला गेला. सकाळी १,०२१, रात्री झोपताना १,०१३. हवा दमट, अंगाला चिकटणारी. मोबाइलवर त्या दिवसाला सगळ्यांत छान सूर्य होता, आणि मी बायकोला सांगितलं की उद्याचं घोंगडं आजच झटकून ठेव. खळं आणि पडता वायुभार एकत्र दिसले की मी वाद घालत बसत नाही.

मंगळवार नैऋत्येचा. पहाटेपासून फुंशालवर धो धो. नैऋत्य वाऱ्यात पावसाचं दार नेमकं तुमच्या हॉटेलसमोर उघडतं, आणि उन्हासाठी म्हणून दक्षिणेला राहिलेले सगळे पर्यटक लॉबीत कॉफी पीत खिडकीकडे बघत बसतात. शहराच्या मधून वाहणारे ओढे चहाच्या रंगाचे. इप्माचा इशारा पिवळा होता, त्याहून वरचा नाही, हे दोनदा बघून आम्ही गाडी काढली. रिबेइरा ब्रावापर्यंत वायपर जोरात, पुढे सेरा द आग्वाच्या खोऱ्यात दोन्ही कड्यांवरून पागोळ्यांसारखे धबधबे. मग एन्कुमेआदाच्या खालचा बोगदा लागतो, सुमारे तीन किलोमीटरचा. आत शिरलो तेव्हा टपावर पाऊस ताशा वाजवत होता. बाहेर पडलो तर रस्ता कोरडा. नुसता थांबलेला पाऊस नव्हे, कोरडा रस्ता. साओ व्हिसेंट गावात आभाळ निळं-करडं, डोंगरमाथ्यावरून ढग इकडे कलंडत होते आणि कलंडता कलंडता विरत होते. एका घराच्या गच्चीवर दोरीवर चादरी वाळत घातलेल्या. मी वायपर बंद करायला विसरलो होतो. लसणीचं लोणी लावलेला तिथला गोल पाव, बोलो दो काको, खात आम्ही तीन तास समुद्राकडे बघत बसलो आणि पुन्हा बोगद्यातून पावसात परत आलो. एका बोगद्यात दोन ऋतू असा अनुभव मला आपल्या कुठल्याच घाटात आलेला नाही, एवढ्या लख्ख रेघेनं तर नाहीच.

नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर मात्र हे अजिबात करायचं नाही. त्या खोऱ्यातला रस्ता कड्यांखालून जातो. २० फेब्रुवारी २०१० ला, त्याच मोसमात आणि त्याच दिशेच्या ओल्या हवेत, फुंशाल आणि रिबेइरा ब्रावाचे ओढे दगडगोटे, झाडं, मोटारी घेऊन शहरात घुसले आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. तो अख्खा हिवाळाच भरपूर पावसाचा झाला होता, माती आधीच पाण्यानं तुडुंब, आणि डोंगर एवढे उभे की वर पडलेलं पाणी बघता बघता समुद्रापर्यंत पोचतं. फुंशालमधून जाणाऱ्या ओढ्यांना एवढ्या उंच काँक्रीटच्या भिंती का, असा प्रश्न उन्हात पडतो. लाल इशाऱ्याच्या दिवशी हॉटेलात पत्ते खेळा. पावसानंतरचा एक दिवस पाटांच्या वाटांवरही जाऊ नका, कारण दरडी पाऊस थांबल्यावरही येतात. निघण्यापूर्वी ती वाट उघडी आहे का हे अधिकृत यादीत बघायचं. वणवे, दरडी, दुरुस्ती अशा कारणांनी नावाजलेल्या वाटाही बंद असतात.

बुधवारी वारा वायव्येला वळला, वायुभार उसळी मारून वर आला आणि हवा धुतल्यासारखी झाली. देझेर्तास बेटं हात लावावा इतकी जवळ. दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक शिरवं यायचं, सडासड पडायचं, की पुन्हा ऊन आणि इंद्रधनुष्य. मुलांना हा दिवस आवडेल, माझ्या नोंदीत दुपारपर्यंत सहा इंद्रधनुष्यं आहेत. अरिएरोवर रात्री बर्फ पडून रस्ता बंद केला होता. ही थंडी वरच असते, कारण अशा हवेत उंचीबरोबर तापमान शंभर मीटरला साधारण पाऊण ते एक अंशानं उतरतं. खाली सतरा, वर शून्याच्या आसपास.

आणि त्या दिवशी मी, बत्तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, चुकलो. ऊन बघून पोर्तो मोनिझला निघालो. वायव्य टोकावर लाव्हाच्या खडकांत नैसर्गिक हौद आहेत, त्यात समुद्राचं पाणी येतं, लोक पोहतात. पण वादळ आपल्यावरून गेलं की हिशेब मिटला असं होत नाही. हजार-दोन हजार किलोमीटरवर त्यानं उठवलेल्या लांब लाटा मागून चालत येतात, आणि आल्या तेव्हा आभाळ स्वच्छ असू शकतं. दोन लाटांमध्ये चौदा-पंधरा सेकंद. वाटतं, समुद्र शांत आहे. मग एक भिंत उभी राहते. हौद दोरी लावून बंद केले होते, आम्ही दोरीच्या बरेच अलीकडे होतो, तरी एका लाटेचा फवारा डोक्यावरून गेला. बायको काही बोलली नाही, रुमालानं चष्मा पुसत राहिली, आणि ते बोलण्यापेक्षा जड गेलं. तेव्हा उत्तर किनाऱ्याला जाताना लाटांचा इशारा वेगळा बघा. उन्हाशी त्याचा संबंध नाही. फोटोसाठी खडकावर उतरणं तर नकोच.

गुरुवार निवांत. वारा पडला, आम्ही नैऋत्येला कालेताकडे गेलो, केळीच्या बागांतून चाललो, ऊन खाल्लं. लिहिण्यासारखं काही नाही. असे दोन दिवस तुमच्या वाट्याला नक्की येतील.

शुक्रवारी सकाळी उठलो तर देझेर्तास बेटं नव्हतीच. आग्नेयेला पिवळट मळभ, सूर्य जुन्या पितळी ताटलीसारखा. वारा पूर्वेचा. तिथले लोक याला ‘लेस्ते’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘पूर्व’. सहारातली गरम कोरडी हवा समुद्र ओलांडून येते, सोबत बारीक धूळ. फुंशाल पंचवीस अंशांपर्यंत गेलं. डोंगरावरही थंडी पळाली, आणि ओठ फुटले. कोकणातल्या हिवाळ्यात मतलई सुटली की आजी म्हणायची, ‘मीठ पण कोरडं झालं बघ.’ ते आठवलं. आईंना दम्याचा किंवा सर्दीचा त्रास असेल तर अशा दिवशी डोंगरावर न्यायचं नाही, किनाऱ्याला सावलीत बसायचं. लेस्ते दोन-तीन दिवस टिकतो आणि जाताना बहुधा पुन्हा ईशान्येचं दार उघडून जातो.

तसंच झालं, आणि शनिवारी परतीच्या दिवशी विमानतळानं इंगा दाखवला. हा विमानतळ डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीवर. १९६४ साली धावपट्टी १,६०० मीटरची होती. आता २,७८१ मीटरची आहे आणि २००० साली वाढवलेला भाग समुद्राकडेला उंच काँक्रीटच्या खांबांवर उभा आहे. उत्तरेकडून जोराचा वारा आला की डोंगरावरून तो गोते खात धावपट्टीवर उतरतो. वाऱ्याच्या मर्यादा इथे सक्तीच्या आहेत, वैमानिकाच्या मर्जीवर नाहीत, आणि ते बरंच आहे. त्या सकाळी आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि येणारी विमानं घिरट्या घालून पोर्तो सान्तोकडे आणि कॅनरी बेटांकडे वळून चाललेली. आमचं विमान सहा तास उशिरा सुटलं, लिस्बनचं पुढचं विमान गेलं, आणि कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीनं रात्रीच्या मुक्कामाबद्दल असं काही तोंड केलं की आम्ही पदरचे पैसे घालून झोपलो. तुमचं विमान थेट असेल तर उत्तम. लिस्बनला बदलायचं असेल तर दोन तासांचं अंतर ठेवू नका, आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी महत्त्वाची मीटिंग नको.

कपड्यांचं म्हणाल तर एक जाड कोट नेऊ नका. पातळ पातळ तीन थर न्या: आत बनियन किंवा टी-शर्ट, वर स्वेटर, त्यावर टोपीवाला विंडचीटर, पाणी न शिरणारा. एकाच दिवसात तिन्ही घालाल आणि तिन्ही काढाल. छत्री घरी ठेवा. डोंगरावरचा वारा ती पहिल्याच वळणावर उलटी करतो. फुंशालच्या कचरापेट्यांत मोडक्या छत्र्या बघून कालचा वारा ओळखता येतो. कानटोपी प्रत्येकाला एक. बूट तळाला खाचा असलेले, कारण पाटांच्या कडेचा दगड शेवाळलेला असतो. पाटाच्या वाटेवर बोगदे असतील तर टॉर्च. मोबाइलचा उजेड धरला की एक हात अडकतो, आणि कठड्याची तार धरायला तो हात लागतो.

आईंसाठी लांब पाट नकोत. वाट सपाट असते खरी, पण रुंदी दोन फूट आणि शेजारी दरी, असे टप्पे येतात. रिबेइरो फ्रिओहून बाल्कोइंशला जाणारी वाट मात्र जरूर करा. जायला दीड किलोमीटर, रुंद, जवळजवळ सपाट. शेवटच्या सज्जावरून समोर उंच शिखरं दिसतात आणि छोटे पक्षी हातावर येऊन बसतात. पण ती उत्तर अंगाला आहे, त्यामुळे ईशान्य वाऱ्याच्या दिवशी सज्जात उभं राहून नुसतं धुकं दिसेल. दक्षिणेचा हलका वारा किंवा वारा पडलेला दिवस धरा. फनालच्या जंगलाचं उलट करा. तिथली तिल नावाची जुनाट, वाकडीतिकडी झाडं धुक्यातच बघायची, आणि गाडी अगदी जवळ जाते. ज्या दिवशी कुठेच उघडीप नसेल असं वाटेल तो दिवस फनालचा. पानांवर ढग अडकून खाली थेंब टपकत असतात, आजूबाजूला पाऊस नसतानाही. या लॉरेलच्या जंगलाला १९९९ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे. डोंगर पूर्ण ढगात आणि अंगात चालायची खुमखुमी असेल तर पूर्वेचं टोक, पोंता दे साओ लोरेन्सो. ते बुटकं आणि उघडं, ढग फारसे थांबत नाहीत. वारा मात्र माणसाला कलता करतो, तेव्हा तिथे मुलांना घेऊन तुम्ही जा आणि आईंना फुंशालच्या बाजारात सोडा. फळांच्या गाड्यांवर पॅशनफ्रुटच्या पाच-सहा जाती चाखायला देतात, भाव आधी विचारायला सांगा.

रोज रात्री पाच मिनिटं द्या: वारा कुठून, वायुभार चढतोय की उतरतोय, तिन्ही भागांचे इशारे, लाटा. सकाळी निघण्यापूर्वी बेटावरच्या थेट कॅमेऱ्यांवर एक नजर, त्यात अरिएरो ढगाच्या वर आहे की आत ते लगेच कळतं. तीन-चार दिवसांपलीकडचं काही मनावर घेऊ नका.

राहिली खिडकी. ईशान्य वारा असेल, आणि बहुतेक वेळा तोच असतो, तर विमान नैऋत्येकडून येऊन वाऱ्याला तोंड देत उतरतं. शेवटी उजवीकडे वळून धावपट्टी धरतं, तेव्हा डोंगर, लाल कौलांची घरं आणि केळीचे वाफे डाव्या खिडकीतून अगदी पंखाखाली दिसतात. नैऋत्य वाऱ्यात उलट दिशेनं उतरतात, तेव्हा जमीन उजवीकडे. तिकीट आज काढताय म्हणून डावी धरा, आणि आदल्या रात्री वारा फिरलेला दिसला तर विमानात आईंशी जागा बदलून घ्या.